रणगाडे, ट्रक आणि दोन जावई

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, रणगाड्यांच्या पलटणीतून निवृत्त झाला आणि कामठीला सासऱ्यांच्या शेजारीच राहायला आला. तेव्हापासून त्या घरात मी नावापुरताच थोरला जावई उरलो. लकडगंजात माझी लाकडाची वखार आहे, माल वाहायला चार ट्रक आहेत. सासऱ्यांनी त्यांची कधी चौकशी केली नाही. साडू मात्र नुसता खाकरला तरी ते टीव्हीचा आवाज कमी करतात. हे पाहून माझा जळफळाट होतो. होतो तर होतो.

यंदा अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाचं दोघा जावयांना बोलावणं आलं. या खेपेला मी तयारीनिशी जायचं ठरवलं. वखारीत बसून मोबाइलवर आपल्या आणि पाकिस्तानच्या फौजेचे रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा यांचे आकडे पाठ केले. पाढेही कधी इतके मन लावून पाठ केले नव्हते.

सासूबाईंनी दोघांना ओवाळलं, अनारसे वाढले. साडूच्या पानात तूप जरा जास्त पडलं. बायको म्हणते, तसं काही नव्हतं. वडा-भात येताच मी विषय काढला आणि सगळे आकडे धडाधड सांगून टाकले. आपले रणगाडे जास्त, म्हणजे आपलंच पारडं जड, असा निकालही देऊन मोकळा झालो. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साडूकडे पाहिलं.

"काय बापू, बरोबर आहे का हे?"

म्हणजे मी बोललो ते खरं की खोटं, हे यानं मान हलवल्यावर ठरणार.

साडू म्हणाला, आकडे बरोबर आहेत. पण कागदावर बंद पडून उभ्या असलेल्या गाड्याही मोजतात. कुणाचं इंजिन उतरवलेलं असतं, कुणाचा एखादा पार्ट यायचा असतो. दोन्हीकडे तीच गत. हुकूम आल्यावर जेवढ्या जागच्या हलतील, तेवढंच खरं बळ. मग तो माझ्याकडे बघून हसला. "हे दादाले विचारा बाबा. गाड्या पाळणं काय असते, ते दादाले बरोबर माहीत आहे."

सासरे वळले. चक्क पूर्ण वळले, हातातला घास पानात ठेवून. "सांगा बरं, तुमच्या किती गाड्या चालू आहेत सध्या?"

दोन ट्रक महिन्याभरापासून वखारीत उभे होते. एकाचा गिअरबॉक्स उघडलेला, दुसऱ्याचे टायर काढून तिसऱ्याला लावलेले. सांगायला लागलो असतो तर ताक येईपर्यंत पुरलं असतं. पण हा मान मला त्यानं वाढला होता, सासूबाईंनी अनारसा वाढावा तसा. वर माझ्या तोंडून त्याचंच म्हणणं खरं ठरणार होतं. ते मला सोसवेना.

"सगळ्या," मी म्हणालो.

"असं का," म्हणून सासऱ्यांनी घास उचलला आणि साडूला विचारलं, वाळवंटात रणगाडा तापतो तेव्हा आत बसवतं तरी कसं? पुढचं सगळं जेवण वाळवंटातच झालं.

परतताना बायको वाणाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. कामठी मागे पडल्यावर ती बोलली.

"काहून खोटं बोलले जी तुम्ही? बाबा पहिल्यांदाच तुमचं ऐकून राहिले होते."