चौथ्या मजल्यावरची बंद खोली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, रविवारी सकाळी जमणाऱ्या आमच्या गेमवेड्या टोळक्यातही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि माझे लेख वाचून ओळखत असाल, तर मग मुळीच ओळखत नाही.

मी जुन्या कॉम्प्युटर गेम्सवर लिहितो. नोकरी आयटीतली, घर वारज्याला, पण चार लोक ओळखतात ते या लिखाणामुळे. आणि मी चिडून लिहितो. का चिडू नये? आमच्या वेळी गेम तुम्हाला एका मेलेल्या अवकाशयानात एकटं सोडून द्यायचा. दिवे गेलेले, माणसं संपलेली. कुठे जायचं ते कुणी सांगायचं नाही. मेलेल्यांनी मागे ठेवलेले आवाज ऐका, भिंतीवरचे आकडे वहीत उतरवा, डोकं चालवा! आणि आजचा गेम? बाण. जिथे जायचं तिथे पिवळाधमक बाण. दार उघडलं — शाबासकी. जिना चढलात — शाबासकी. अहो, बालवाडी आहे का ही? चित्रं इतकी सुंदर की बघत राहावं, आणि त्या सुंदर भिंतीमागे काही नाही, कारण तिकडे जायचं तुम्हाला सुचूच नये अशी चोख व्यवस्था. खेळणाऱ्याला मठ्ठ समजायचं आणि वर त्याला ‘अनुभव’ म्हणायचं.

यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त — हे बोलायचा मला काय अधिकार होता?

ज्या एका गेमवर माझी सगळी ऐट उभी आहे, त्याची सीडी मी कॉलेजात असताना बुधवार पेठेतून आणली होती. वर मार्करने खरडलेलं नाव, तेही चुकीचं. आमच्या पाच-सहा जणांत ती फिरली. त्यातला एक प्रफुल्ल. भंडाऱ्याहून शिकायला आलेला, होस्टेलवर राहणारा. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजजवळच्या कॉम्प्युटर सेंटरवर तासभर मशीन घेऊन तो खेळायचा, आणि उरलेला दिवस वहीत यानाचे नकाशे काढत बसायचा. माझ्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता. स्वतःची खोली होती.

मी यानाच्या दुसऱ्या मजल्यावर अडकलो. अडकलो हा सभ्य शब्द झाला — घाबरलो. यानात कुणीतरी मागून चालत यायचं, नुसती पावलं वाजायची. भर दुपारी, आई बाहेर धान्य निवडत असताना, मी स्पीकर बंद करून बसायचो. आणि तिकडे प्रफुल्ल तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. तासभराच्या मशीनवर! हे कसं सहन व्हावं? एका कॉम्प्युटर मासिकाच्या मागच्या पानावर चीट कोड छापून आले होते. एक शब्द टाइप केला की तुम्ही भिंतीतून आरपार जाता. दुसरा टाकला की तुम्हाला कुणी मारू शकत नाही. मी दोन्ही टाकले. तीन दुपारींत गेम संपला आणि कॅन्टीनमध्ये मी जाहीर केलं की सगळ्यात आधी मीच संपवला.

इथवर ठीक आहे, असं तुम्ही म्हणाल. पोरवयातली फुशारकी, कोण करत नाही? थांबा.

पंधरा दिवसांनी प्रफुल्ल कॅन्टीनमध्ये धावतच आला. चौथ्या मजल्यावर एक खोली होती, जिचं दार कधीच उघडत नाही. त्या दाराला खालच्या बाजूला एक छोटा खण होता. प्रफुल्लने दुसरीकडची वीज तोडून त्या मजल्यावर वळवली, त्या खणात औषधाची बाटली ठेवली आणि निघून गेला. परत येऊन बघतो तर खण रिकामा. आत कुणीतरी जिवंत होतं! मग दाराआडून एका बाईचा आवाज आला. हे करून बघ, असं गेमने त्याला कुठेही सांगितलं नव्हतं. आत कुणी असेल तर त्याला औषध लागेल, एवढाच विचार त्याने केला होता.

आणि मी म्हणालो, त्या खोलीत मी जाऊन आलोय, ती रिकामी आहे.

हे खोटंसुद्धा नव्हतं, हो. गेलोच होतो — भिंतीतून. खोली रिकामीच होती.

प्रफुल्लने विचारलं, “पण तू आत गेला कसा? दार तं उघडतच नाही ना.”

सरळ, साधा प्रश्न. बाकीच्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी काय केलं असेल? मी त्याची नक्कल केली. “बाई बोलून राहिली ना बे!” — मान हलवत, हेल काढून. सगळे फुटले. प्रश्न हसण्यात वाहून गेला. माझ्या घरी येऊन करून दाखवतो, असंही तो बिचारा म्हणाला, तर मी कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. सेंटरवाल्याने तोवर मशीन साफ केलं होतं, त्याचा खेळ पुसला गेला होता. झालं. प्रफुल्ल थापाड्या ठरला. कॉलेज संपेपर्यंत तो दिसला की कुणी ना कुणी “बाई काय म्हणते?” विचारायचं. नंतर नंतर तो आमच्या टेबलावर बसेनासा झाला. त्याच्या बोलण्याची टिंगल हा आम्हा शुद्ध बोलणाऱ्यांचा आवडता उद्योग होताच, पण तिला इतकं पक्कं निमित्त मी दिलं.

आता गेल्या वर्षाचं ऐका. तोच गेम नव्याने बनवून बाजारात आला. आणि त्यात ती बाई होती. दारावर बाण, खणावर सूचना — ‘औषध इथे ठेवा’ — आणि ठेवल्यावर शाबासकी. माझं डोकंच फिरलं. मी लांबलचक लेख लिहिला: मुळात नसलेलं रडगाणं यांनी घुसडलं, एका निर्दय, प्रामाणिक गेमची वाट लावली. ‘मुळात ही खोली रिकामी होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.’ वाचकांनी डोक्यावर घेतलं. एकाच वाचकाने शंका काढली. त्याचं तोंड बंद करावं म्हणून मी जुना गेम शोधून काढला आणि चीटशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर खेळलो. सहा रविवार लागले. चौथ्या मजल्यावर वीज वळवली, खणात बाटली ठेवली, बाजूला जाऊन परत आलो.

खण रिकामा होता.

वीज आली तरच ती तिथे असते. मी भिंतीतून घुसलो तेव्हा वीज नव्हती, म्हणून तीही नव्हती. ज्या गेमला मी प्रामाणिक म्हणून मिरवत होतो, त्याने तेव्हाच मला अप्रामाणिकपणाचं फळ दिलं होतं — रिकामी खोली. आणि मी ती पुरावा म्हणून वापरली! मला स्वतःचा इतका संताप आला की मी उठून घरातल्या घरात फेऱ्या मारत सुटलो. लेख काढून टाकायचा, असं ठरवलं. आज नको, उद्या, म्हणत आठवडा घालवला.

त्या आठवड्यात प्रफुल्लचा मेसेज आला. इतक्या वर्षांनी. तो भंडाऱ्यात शिक्षक आहे. त्याची मुलगी नवा गेम खेळत होती. त्याने तिला अभिमानाने सांगितलं, ही बाई मी जुन्या गेममध्येच शोधली होती, कुणी न सांगता. तिने माझा लेख काढून त्याच्यासमोर धरला. ‘पोरगी म्हणते बाबा फेकून राहिले,’ त्याने लिहिलं होतं. ‘तू तं पूर्ण खेळला होता. एकदा पक्कं आठवून सांग ना, होती का बाई?’

मला आठवायची गरजच नव्हती. आदल्याच रविवारी तिचा आवाज ऐकला होता.

मी लिहिलं, ‘नव्हती रे.’

दोन मिनिटांनी उत्तर आलं. ‘बरं. मंग मलेच तसं वाटलं असन. सांगतो तिले.’

लेख अजून तिथेच आहे. आणि प्रफुल्ल खरं बोलणारा माणूस आहे. सांगतो म्हणाला, म्हणजे त्याने तिला सांगितलं असणार.