आधी नळी, मग कागद

“आधी नळी टाक. कागदाचं मंग पाहू.”

आर्वीच्या नाक्यावर माझी धूर तपासणीची टपरी आहे. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, रेस द्यायला लावायची, यंत्रावरचा आकडा पाहायचा आणि तो मर्यादेत असेल तर सही करून कागद द्यायचा, असं हे काम. म्हणजे असायला हवं. प्रत्यक्षात मालक खिडकीतूनच गाडीचा नंबर ओरडायचा, मी कागद फाडून द्यायचो आणि नळी खुंटीवर लटकलेली असायची. तुम्हीही असाच कागद घेतला असेल, उगाच साळसूद होऊ नका. मला नळी टाकायला लावणारा माणूस सगळ्या तालुक्यात एकच होता, तो म्हणजे मिस्त्री.

मिस्त्री पुलगावच्या डेपोत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. लिलावात त्यांनी एक जुनी अ‍ॅम्बुलन्स घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, घडीचं टेबल, स्टोव्ह, पाण्याची टाकी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. दाराच्या फटींना त्यांनी रबर असं बसवलं होतं की धुळीचा कण आत जाणार नाही. ही हौस नव्हती. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, दमा होता. उभी हयात जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, सरकी वेचण्यात गेलेली, छातीत कापूसच बसला म्हणा ना. घर जिनाच्या भिंतीला लागून. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की हवेत कापसाची पांढरी बुरबुर उडायची आणि काकूंना श्वास घेणं कठीण व्हायचं. खेड्यात खोली घ्यावी, तर आपल्याकडे हंगामात घराघरात छतापर्यंत कापूस भरलेला. माणसं अंगणात झोपतात आणि कापूस पलंगाच्या जागी. जाणार कुठे?

म्हणून दिवाळी झाली की दोघं गाडीत बसून निघायची ती थेट होळीला परत. कुणाच्या तरी संत्र्याच्या बगिच्यात गाडी उभी करायची. मिस्त्री मालकाचं विहिरीवरचं इंजिन नीट करून द्यायचे आणि मालक महिनाभर तिथे राहू द्यायचा. काकू झाडाखाली बसून भाकरी थापायच्या. मी एकदा गेलो होतो. भाकरी थापता थापता काकू चक्क गाणं म्हणत होत्या. नाक्यावर मी त्यांना चार पावलं न थांबता चालतानाही पाहिलं नव्हतं.

आणि धूर? पलंगाच्या खालीच सायलेन्सर, त्यामुळे मिस्त्रींचा त्या धुरावर पोलिसासारखा पहारा. रोज सकाळी काकू पुढे बसून अ‍ॅक्सिलेटरवर पाय ठेवायच्या. मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर पांढरा रुमाल धरायचे आणि ओरडायचे, “दाबजो वं!” काकू दाबायच्या. मग रुमाल उलटसुलट पाहून खिशात. त्याच रुमालाने दिवसभर तोंडही पुसायचे. तुमच्या नव्या कोऱ्या गाडीच्या धुराचा रुमाल तोंडाला लावाल का? सांगा.

माझ्याकडे दर सहा महिन्यांनी यायचे. आकडा मर्यादेच्या निम्म्यालाही जायचा नाही. एकदा मी म्हटलं, “मिस्त्री, तुमच्या गाडीला कशाला नळी? नंबर सांगा, कागद देतो.”

“काऊन? मले फुकटचा कागद देऊन राह्यला का?” ते भडकले. “ज्याची गाडी काया धूर सोडते, तो बिना नळीचा कागद नेते. मायी साफ हाय, तं मले नळी पायजे!”

तर अशा माणसाच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा तपासून, नव्यानं नोंद करून घ्यायची असा नियम. जुन्या गाड्या धूर सोडतात, हवा खराब होते म्हणून. हेतू चांगलाच, माझं काहीच म्हणणं नाही. एजंट म्हणाला, “पलंग एक दिवस काढून ठेवा, आत चार पोती टाका आणि फारमावर लिहा, घरचं सामान नेण्यासाठी. सायंकाळपर्यंत काम होते.” काकूसुद्धा म्हणाल्या, “लिवून टाका न, आपलं काय जाते?”

मिस्त्रींनी ‘वापर’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : घर.

मला त्यांचा रागही येतो, खोटं कशाला बोलू? चार पोत्यांनी काम झालं असतं. पण जन्मात ज्यानं खोटा कागद हातात धरला नाही, तो बायकोच्या पलंगाच्या जागी पोती दाखवणार होता थोडाच!

वाहन कार्यालयात मी त्यांच्यासोबत होतो. साहेबांनी फॉर्म वाचला आणि वर पाहिलं. “घर? घराला चाकं असतात का?”

“आमच्या घराले हायेत साहेब.”

“मालवाहू, प्रवासी, रुग्णवाहिका. यातलं सांगा. घर असा प्रकारच नाही. मूळची रुग्णवाहिका होती ना? मग पुन्हा रुग्णवाहिका करून आणा.”

“पलंग तं हायेच साहेब.”

“रुग्णवाहिकेत रुग्ण लागतो.”

“तेही हाय न!” मिस्त्रींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. काकू कडुलिंबाखाली बसून धापा टाकत होत्या.

“मग हॉस्पिटलचं पत्र आणा. नाहीतर भंगारात द्या. जुनी गाडी आहे, धूर सोडते.”

“सोडते का, ते तं पाहा साहेब. चाला बाहेर, रुमाल धरतो.”

“धूर पाहायला मला वेळ नाही,” साहेब म्हणाले. “वय पाहायचं असतं.”

अंगात आग लागली माझ्या. जो नियम धुरासाठी केला, त्यात धूर पाहायचाच नाही! बाहेर आलो तर दारातच कार्यालयाची जीप सुरू करून ठेवलेली. मागे काळे लोट, काकूंच्या अंगावर जाणारे. तिच्या काचेवर धुराचा कागद चिकटवला होता. त्यावर सही कुणाची? माझी. मिस्त्रींनी ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीनंतर गाडी निघाली नाही. “चोरून न्या ना, रात्री कोण पाहते?” असं शेजारी म्हणाले. पण बिना कागदाची गाडी मिस्त्री सडकेवर काढणार नव्हते. गाडी जिनाच्या भिंतीशीच उभी, काकू तिच्यात दारं लावून झोपलेल्या. पण जेवायला, न्हायला दार उघडावंच लागतं आणि जिन तर दिवसरात्र सुरू. होळीच्या पंधरा दिवस आधी काकू गेल्या. कागदोपत्री त्या दम्याने गेल्या. मी तसं मानत नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी नाक्यावर एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला दोर, दोराला अ‍ॅम्बुलन्स आणि स्टिअरिंगवर मिस्त्री. बिना कागदाची चालवायची नाही, म्हणून गाडी अशी ओढत नेत होते, भंगारवाल्याकडे.

“नळी टाक,” ते उतरून म्हणाले.

“आता कशाला मिस्त्री?”

“टाक म्हणतो न.”

मी नळी घेऊन मागे गेलो. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि माझ्यामागोमाग आले. खिशातून रुमाल काढला. तो आता काही फार पांढरा राहिला नव्हता, धुणारी नव्हती. सवयीनं ओरडले, “दाबजो वं!”

इंजिन आपल्या संथ लयीत चालत राहिलं. मिस्त्री तसेच वाकून उभे. मग त्यांच्या ध्यानात आलं. मी नळी तशीच ठेवून पुढे गेलो, काकूंच्या जागी बसलो आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला.

आकडा नेहमीचाच आला. मी कागद लिहून सही केली. त्यांनी तो घेतला नाही. “तुयाजवळच ठेव,” म्हणाले. ट्रॅक्टरनं खेच घेतली. भकाभक काळा धूर निघाला, तो सरळ त्या साफ गाडीच्या काचेवर आला. ट्रॅक्टरवाल्याला कागद मी विचारला नाही, कुणीच विचारत नाही. मिस्त्री परत कधी नाक्यावर दिसले नाहीत. कुणी म्हणतं पुतण्याकडे वडनेरला गेले.

पुढच्या महिन्यात कार्यालयाची जीप आली. ड्रायव्हरनं खिडकीतून नंबर ओरडला. मी खुंटीवरची नळी काढली.

“काऊन भाऊ, आज नळी?”

“आधी नळी, मग कागद.”

आकडा मर्यादेच्या पार पलीकडे गेला. मी कागद दिला नाही. तो हसला, जीप समोरच्या नव्या टपरीपुढे नेली आणि दोन मिनिटांत काचेवर कोरा करकरीत कागद लावून, मला हॉर्न देत निघून गेला. त्याचा धूर माझ्या टपरीत किती तरी वेळ कोंडून राहिला होता.