सकूची कर्दळ आणि माझा विळा

माझ्या धाकट्या जावेचं, सकूचं, कौतुक ऐकायचं असेल तर गावात कोणालाही विचारा. मला विचाराल तर खरं ऐकाल. खरं हे, की तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, मी काय लपवत नाय.

ती मूळची म्हसा गावची. लग्न होऊन आमच्या आटगावच्या बाजूला आली तेव्हा तिसरी नापास, अंगानं काडी, आणि बोलणं तोंडातल्या तोंडात. मी थोरली, सातवी पास. भात लावायला, कापायला, झोडायला मी पुढं आणि ती मागं. वीस वर्सं असंच चाललं. सकुबाई कोण, तर ह्या हौसाबाईची जाऊ. आता मी बाजारात गेले तर लोक विचारतात, "तुमी सकुबाईंच्या जाऊ ना?" सांगा, कोणाची तळपायाची आग मस्तकात जाणार नाय?

हे सगळं त्या पाण्यापायी. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मुलींची निवासी शाळा आहे. चारशे पोरींच्या आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी आधी ओढ्यात जायचं, नुसता घाण वास. मग शाळेवर समीक्षा मॅडम आल्या. त्यांनी खड्डा खणून घेतला, खडी भरली, वर कर्दळ लावली. पाणी आधी टाकीत निवळतं, गाळ खाली बसतो, मग ते खडीतून, कर्दळीच्या मुळांतून झिरपतं आणि शेवटच्या हौदात चोख होऊन पडतं. संडासाचं पाणी वेगळं, ते यात येत नाय. हे मला आता ठाऊक आहे, तेव्हा कोण ऐकून घेतंय! देखरेखीला बाई हवी होती. शाळेत भांडी घासणारी सकू पुढं झाली. मी बोलले, "जा गो, मोरीची मुकादमीण हो!" गाव हसलं. ती पण हसली. तीच तर तिची खोड.

रोज सकाळी ती हौदातलं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायची आणि भिंतीला चिकटवलेल्या मॅडमच्या कागदापुढं धरायची. बाटलीतून अक्षरं साफ दिसली की पाणी पास. नाय दिसली तर नळ बंद. धड वाचता येत नाय आणि अक्षरं तपासते! लांबून बघून मला हसू आवरायचं नाय.

दिवाळीनंतर ग्रामसभेत निघालं, की शाळेच्या परसाला पुरून उरलेलं पाणी खालच्या शेतांना नळीनं द्यायचं, भेंडीच्या मुळाशी. खालची शेतं आमची दोघी जावांचीच, मधे एक बांध. मी उभी राहिले. आमच्याकडं भेंडीचा पहिला तोडा गावदेवीला जातो, त्याबिगर घरात भेंडी शिजत नाय. मी बोलले, "पोरींच्या अंगाचा मळ प्यालेली भेंडी देवीपुढं ठेवायची? माझ्या शेतात नको ते पाणी!" टाळ्या पडल्या. सकू तेवढी हळूच बोलली, "मला द्या."

तिनं भेंडी केली, पहिला तोडा देवीला नेला. देवी कोपली नाय, काय नाय. त्याचाच मला जास्त राग.

एप्रिल आला. आमचं शहापूर म्हणजे धरण उशाला नि कोरड घशाला. विहिरीचा तळ दिसला. टँकर येतो तो पिण्यापुरता. माझी उशिरा पेरलेली पंधरा गुंठे भेंडी ऐन फुलात माना टाकायला लागली. ही गेली तर मला आसनगावला गोदामात झाडू मारायला जायचं, हे घरात ठरलं होतं. आणि बांधाच्या पलीकडं? कमरेएवढी हिरवीगार, दिवसाआड तोडा. कुठून कुठून लोक बघायला यायचे, सकूचे फोटो काढायचे. आमचे हे, माझ्या भाकरीला कधी बरी न बोललेले, जेवताना बोलले, "सकूनं डोकं लावलं हां."

त्याच आठवड्यात सकू माहेरी भाच्याच्या हळदीला गेली. भर दुपारी मी विळा घेतला आणि निघाले. सगळी कर्दळ बुडख्यापासून कापली. लाल फुलं, पिवळी फुलं, काय ठेवलं नाय. तेवढ्यानं जीव निवला नाय, म्हणून पाला उचलून हौदात टाकला. घरी येऊन हातपाय धुवायला गेले तर हंड्यात पाणी तांब्याभर.

तिसऱ्या दिवशी सकू बांधावर उभी. हातात बाटली, आत पाणी चहासारखं. मी पदर खोचला. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

"बाय," ती बोलली, "कर्दळ कापायला आलीच होती. कापली की दाट फुटते. माझे गुडघे धरलेत म्हणून राहिलेली. पण पाला हौदात कुजला. तो काढायला चल, मला एकटीला व्हायचा नाय."

"मी कापली असं कोण बोललं?"

"वीस वर्सं तुझ्या मागून भात कापते गो. तुझा विळा तिरका चालतो. तुझी बुडखी किती वेळा माझ्या पायात घुसलीत, मला नाय ओळखू येणार?"

अरे देवा! तिनं एक शिवी दिली असती तर मी दहा दिल्या असत्या. मी हौदात उतरले. तीन दिवस कुजका पाला उपसला, हौद घासला. नवं पाणी झिरपून यायला आणखी दोन दिवस गेले. मग सकूनं बाटली भरली आणि माझ्या हातात दिली.

"तू धर. तुला वाचता येतं."

मी बाटली कागदापुढं धरली. अक्षरं साफ दिसली. पहिला नळ, शाळेचा परस. दुसरा नळ, सकुबाई. तिसरा नळ, हौसाबाई.

"हे कधी लिहिलं?"

"ग्रामसभेच्या दुसऱ्याच दिवशी. मीच मॅडमना लिवायला लावलं. तुझ्या बांधाशी नळ पण हाय, गोणपाटाखाली. तू मागशील तवा उघडायचा होता."

म्हणजे पाच महिने रोज सकाळी ही बाई माझ्या नावापुढं पाणी धरून बघत होती, आणि मी लांबून हसत होते. लाज वाटली. खूप वाटली. मी जाऊन गोणपाट काढलं आणि नळ फिरवला.

भेंडी वाचली. पहिला तोडा निघाला तशी मी टोपली घेऊन गावदेवीला गेले. हात जोडले. काय मागावं सुचेना. सकूसारखं मन दे, असं ओठावर आलं होतं. पण बोलले नाय. तेवढं तिचं कौतुक मी देवीपुढंसुद्धा करायची नाय.