मिठाचा तवा

आधीच माफी मागतो. टीचरांवर लिहायचा हक्क त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांचा. मी तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुकतंय कुठे हे सांगणारं कोणी नव्हतं. बाबा मिठागरावर कामाला. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा गेला तं कामनच्या गोदामात लाग. मी बोलून ठेवलंय."

तेव्हा मी वटार गावच्या, रेमेडी आडनावाच्या टीचरांकडे गेलो. निवृत्त शिक्षिका, घराच्या ओट्यावर शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक उतारा दिला आणि तो कशाबद्दल आहे ते विचारलं. त्यात 'सॉल्ट पॅन' असा शब्द होता. मी घाबरत म्हणालो, "टीचर, लोक तव्यावर मीठ भाजतात... मग त्यात समुद्राचं पाणी सोडतात." टीचरांनी हसून हसून चष्मा काढला. "अरे बाबा, तव्यात समुद्र मावतो का? तुझे वडील काय करतात?" मिठागरावर असतात, म्हणालो. "मग मीठ कसं काढतात ते सांग. घरी बोलतोस तसं." मी सांगू लागलो... भरतीचं पानी आत घ्यायचं, वाफ्यांत खेळवायचं, उनात सुकू द्यायचं. 'पानी' तोंडून गेलं म्हणून मी जीभ चावली. "पानीच म्हण," त्या म्हणाल्या, "आणि आता परत वाच." मी वाचलं. सॉल्ट पॅन म्हणजे मिठागर, तो उतारा माझ्या बाबांच्याच कामाबद्दल होता!

पुढे रोज हेच. शब्द अडला की डिक्शनरी बंद. "त्याच्या शेजारच्या शब्दांना विचार," म्हणायच्या, "आणि काय कळलं ते घरच्या बोलीत सांग."

परीक्षेनंतर भेटायला गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "उतारा कशावर होता?" मधमाश्यांवर. मी सगळा सांगितला. 'स्वार्म' हा शब्द माहीत नव्हता, पण पुढच्या ओळीत माश्या फांदीला लोंबत होत्या, म्हणून घोळका असं धरलं, म्हणालो. टीचरांनी डोळे मिटले. "आता मला विचारायला येऊ नकोस... गरज नाही तुला."

काही दिवसांनी टीचर गेल्या. निकाल लागायचा होता. दफनाच्या वेळी मी मागे उभा राहिलो. मी त्यांचा विद्यार्थी, असं कोणाला सांगायची हिंमत झाली नाही.

काल बाबांना डबा द्यायला मिठागरावर गेलो असताना मित्राचा फोन आला. वाऱ्यात नीट ऐकू येईना. तो ओरडून सांगत होता, "अबे, निकाल लागला! पास झालास, इंग्लिश सुटला तुझा!"