दलमा बेटावर, महेशच्या हातचं जेवण

अर्णवला कॅरिबियनला जायचं होतं. दहा वर्षांचा आहे, क्रिकेटवेडा आहे, त्यामुळे सुट्टी म्हटलं की त्याच्या तोंडी एकच नाव. "बार्बाडोस, मॉम. बीच अँड क्रिकेट. प्लीज!" सुनीलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लॅपटॉपवर तिकिटांचे दर बघितले आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"बेटच हवंय ना?" तो म्हणाला. "मग मामाच्या बेटावर जाऊ."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ महेश. तो दलमा बेटावरच्या एका स्थानिक रेस्टॉरंटमध्ये मुख्य कुक आहे. दलमा अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, समुद्रात आहे. पूर्वी मोत्यांसाठी प्रसिद्ध होतं. आम्ही दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतो, तरी महेश तिथे गेल्यापासून एकदाही गेलो नव्हतो. आता लाँग वीकेंड होता, थंडीचे दिवस होते, आणि चिपळूणहून बाबा आले होते. आई गावीच राहिली होती.

बाबांचं येणं साधं नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. आमच्या बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली. महेशने डिप्लोमा अर्धवट सोडला आणि हॉटेलच्या किचनमध्ये शिरला, ते त्यांना कधीच पटलं नाही. गावात कुणी विचारलं तर "धाकटा दुबईला असतो" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. या वेळी ते महेशसाठी गावच्या पतपेढीत एक जागा ठरवूनच आले होते. "अध्यक्षांना शब्द दिलाय मी," विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी मला सांगितलं. "भेटलो की बोलतो त्याच्याशी. किती दिवस दुसऱ्यांसाठी भात शिजवणार?"

निघायच्या सकाळी सुनीलने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत सगळ्यांना गाडीत बसवलं.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगते. दुबईहून अबू धाबी, तिथून पुढे सरळ पश्चिमेला, रुवैसच्या रिफायनरीच्या चिमण्या दिसेपर्यंत. साडेतीन-चार तास धरा. रस्ता लोण्यासारखा आहे, पण कॅमेरे आहेत, तेव्हा पाय आवरता ठेवा. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून करक, म्हणजे दाट कडक, चहा घ्या. दोन दिरहमला मिळतो. बाबांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे पन्नास रुपये झाले की!" पण दुसरा कप त्यांनीच मागितला.

जबल धन्नाजवळच्या बंदरातून फेरी सुटते. गाडीसकट जाता येतं. वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि लवकर पोहोचा. राहायला बेटावर साधं हॉटेल आहे, तेही आधीच बुक करा. फेरीवर आमच्याभोवती स्थानिक कुटुंबं होती. डबे, थर्मास, लहान मुलं, सगळं आपल्या कोकणातल्या बोटीसारखं. अर्णव कठड्याला धरून उभा होता. "इट्स नॉट बार्बाडोस," तो म्हणाला, आणि मग पाण्याचा तो हिरवा-निळा रंग बघून, "बट ओके."

महेश धक्क्यावर घ्यायला आला होता. रोडावला होता, केस बारीक कापलेले. बाबांच्या पाया पडला. बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" कुकला विचारायचा हा प्रश्न! महेश हसला. मलाही हसू आलं, आणि जरा हायसं वाटलं.

संध्याकाळी त्याने आम्हाला बेट दाखवलं. मधोमध बुटके, तपकिरी डोंगर, खाली खजुराच्या बागा, जुन्या दगडी मशिदी. इथे गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या, त्यामुळे मोती काढणाऱ्या बोटी पाणी भरायला इथे थांबायच्या, असं महेशने सांगितलं. ते मोती मुंबईला जायचे म्हणे. मग मासळी उतरते तिथे गेलो. तिथल्या प्रत्येकाला तो नावाने ओळखत होता. एका कोळ्याशी त्याचं अरबीत बराच वेळ काहीतरी चाललं होतं. हातवारे, हसणं, मग खोटंखोटं भांडण, आणि शेवटी "खलास, हबीबी, खलास!" म्हणत त्याने दोन मोठे मासे टोपलीत टाकून घेतले.

"हा अरबी कधी शिकला?" बाबांनी मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा महेशने सांगितलं. रेस्टॉरंटचे मालक बेटावरचेच. त्यांच्या आईला हॉटेलमध्ये आपल्या घरच्या चवीचं जेवण हवं होतं. तिने सुरुवातीचे काही महिने किचनच्या दाराशी खुर्ची टाकून महेशला शिकवलं. इथला मसाला, बझार, तिने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा भाजून घेतला. चुकला की फेकून द्यायला लावायची. "तिला हिंदी येत नव्हतं, मला अरबी," महेश म्हणाला. "ती ओरडायची, त्यातूनच शिकलो. आता ती स्वतः घरी माझ्याकडून जेवण मागवते, ताई."

"मागवते" म्हणताना त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा टोपलीतल्या माशांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला त्याच्याकडे गेलो. साधीच जागा आहे. बाहेर टेबलं, आत खाली बसायच्या बैठका, लोड, मध्ये प्लॅस्टिकचं कापड अंथरलेलं. बाबा मांडी घालून आरामात बसले. नेमकी त्याच वेळी फेरीने आलेली तीन-चार मोठी कुटुंबं आत शिरली आणि जागा भरून गेली. त्यात किचनमधला एकजण तापाने पडला होता. महेश धावत बाहेर आला, "ताई, थोडा वेळ लागेल गं," म्हणाला आणि नाहीसा झाला.

थोडा वेळ म्हणजे चांगलाच वेळ लागला. खजूर आला, ताक आलं, तेही संपलं. अर्णव लोडावर आडवा झाला. बाबांना भूक सहन होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांचा चेहरा बघून मी सुनीलला खुणावलं की आता काही खरं नाही.

आमच्या शेजारच्या बैठकीवर पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक वयस्कर स्थानिक गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी बाबांशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना इथे हिंदी येतं. "मुंबई?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "चिपलून. कोकण." त्यांना चिपळूण माहीत नव्हतं, पण मुंबई माहीत होती, तरुणपणी वडिलांबरोबर गेलेले.

"इधर जशीद खाओ," ते म्हणाले. "मेरी माँ बनाती थी. वो गई, फिर किसी के हाथ में वो बात नहीं मिली. अभी ये लड़का बनाता है. मैं हर हफ्ते आता हूँ."

मी बाबांकडे बघितलं. 'तो माझाच मुलगा' असं ते म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "अच्छा."

थोड्या वेळाने बाबा उठले. मला वाटलं हात धुवायला गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बघायला गेले, तर बाबा किचनच्या अर्ध्या उघड्या दाराशी उभे. आत वाफ आणि आवाज. पाच-सहा माणसं होती, कुणी केरळी, कुणी बांगलादेशी, एक इजिप्शियन, आणि मध्ये महेश. त्याचा आवाज चढलेला नव्हता. एकाला हिंदीत भात उतरवायला सांगत होता, दुसऱ्याला अरबीत काहीतरी. मोठ्या पातेल्याचं झाकण उचलून चव घेतली, मीठ टाकलं, पुन्हा चव घेतली. एका पोऱ्याच्या हातून ताट निसटलं. महेश म्हणाला, "कोई बात नहीं, नया लगाओ," आणि स्वतःच नवीन ताट भरायला घेतलं.

बाबांनी मला बघितलं. "शुभा," ते हळू आवाजात म्हणाले, "त्याला आपली घाई करायला सांगू नकोस. आधी त्याची गिऱ्हाइकं जेवू देत."

मी परत येऊन बसले, आणि खरं सांगते, भूकच गेली होती, इतका ऊर भरून आला होता. चिपळूणच्या आमच्या घरात चहाचा कपही न विसळणारा माझा भाऊ हे सगळं एकट्याने पेलत होता.

मग जेवण आलं, आणि भूक परत आली. मोठ्या थाळीत मच्छीचं मचबूस होतं, म्हणजे सुरमई उकडलेल्या पाण्यातच शिजवलेला भात. त्यात वाळवलेलं काळं लिंबू असतं, लूमी म्हणतात. त्याचा आंबटपणा आपल्या कोकमासारखा नाही, जरा धुरकट आहे. जिभेला आधी कळत नाही, मग सोडत नाही. बरोबर रस्सा, खमीर रोटी, आणि एका वाडग्यात ते जशीद. मऊ मोकळं केलेलं मासळीचं सुकं, कांदा आणि बझार मसाला, वर तुपाची धार.

बाबांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. "अगं, ही मोरी आहे!"

मोरी म्हणजे छोटा शार्क. आमच्याकडे मोरीचं मटण करतात, आई फार छान करते. महेश तेवढ्यात टॉवेलला हात पुसत बाहेर आला होता. "मोरीच, बाबा. इथे उकडून, पिळून, मोकळी करतात."

"आपल्याकडे वाटप लागतं," बाबा म्हणाले.

"इथे नारळ नाही ना. सगळं मसाल्यावर आणि तुपावर."

बाबा जेवत राहिले. त्यांनी परत मोरी मागितली, मग परत भात. अर्णव बोटं चाटत म्हणाला, "मामा, धिस इज द बेस्ट राइस इन दुबई!" महेश म्हणाला, "हे दुबई नाही रे." शेवटी लुगैमात आले, गरम छोटे गोल वडे, वर खजुराचा पाक. चौघांचं मिळून बिल दीडशे दिरहमच्या आसपास झालं असतं, पण महेशने घेऊ दिलं नाही.

शेजारचे गृहस्थ जायला उठले. बाबाही उठले. हात अजून खरकटाच होता, म्हणून डावा हात छातीवर ठेवून म्हणाले, "साहब, वो लड़का, जो बनाता है... वो मेरा बेटा है."

ते गृहस्थ क्षणभर बाबांकडे, मग महेशकडे बघत राहिले. "माशाल्ला," ते म्हणाले. "माशाल्ला. बोलना था ना पहले!"

महेश वळून किचनमध्ये निघून गेला. त्याचे डोळे मी पाहिले होते, म्हणून मी मागे गेले नाही.

परतीच्या फेरीवर वारा होता. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पतपेढीवाल्यांना उद्या फोन करतो. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून सांगतो."

"महेशशी बोललात?"

"नाही. कशाला बोलू? तिथे तो काय करेल गं? पासबुकं भरेल?" पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढी माणसं सांभाळतो. मी कॅशियर होतो तेव्हा माझ्या हाताखाली एक शिपाई होता."

बाबा आता चिपळूणला परत गेलेत. घर पुन्हा नेहमीसारखं झालंय, डबे, ऑफिस, अर्णवची शाळा. या देशात इतकी वर्षं राहिले, दुबईतल्या करामा भागातली मिसळ खाल्ली, कोपऱ्यावरचा शोर्मा खाल्ला, जगभरचं खाल्लं. पण इथल्या मातीतलं, इथल्या समुद्रातलं जेवण पहिल्यांदा पोटभर जेवले ते माझ्या भावाच्या हातचं. तुम्ही या देशात राहत असाल आणि अजून तेच राहिलं असेल, तर कुठेतरी दूर जायच्या आधी हे करा.

मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये माझी इमिराती सहकारी सुट्टीचं विचारत होती. मी म्हटलं, दलमाला जशीद खाल्लं. तिचे डोळे मोठे झाले. "कुणी बनवलं?"

"माझ्या भावाने."

"तुझ्या भावाने? जशीद?" ती हसायलाच लागली. मग रेस्टॉरंटचं लोकेशन मागून घेतलं. तिच्या आजीचं माहेर त्या बाजूचं.

काल महेशचा फोन आला. "ताई, तुझी मैत्रीण आली होती. आजीला घेऊन. कोण बनवतं ते आजीला सांगितलंच नव्हतं."

"मग?" मी विचारलं.

"आजीने किचनमध्ये निरोप पाठवला," तो म्हणाला, "की बनवणाऱ्याची आई कुठल्या गावची ते विचारून या."

"तू काय सांगितलंस?"

"चिपळूणची."