दुतोंड्याचा पत्ता

माझी आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ आणि खोलीला एकही खिडकी नाही. तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. ती आमच्याकडेच राहायची, आणि तिचा आवाज असा, की गॅलरीतून मला हाक मारली की अर्धा रस्ता वर बघायचा.

ती नोकरीत नवी असताना गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर एक विचित्र विमान उतरलं. एक इंजिन नाकावर, दुसरं पाठीमागे. एकाने ओढायचं, दुसऱ्याने ढकलायचं. कारखान्याने तसली पाचच विमानं बनवली आणि नाद सोडला. मागचं इंजिन बिघडल्यामुळे ते तिथे अडकून पडलं. अख्खं गाव बघून आलं आणि त्याचं नाव दुतोंड्या पडलं. आत्याला मात्र सुट्टी मिळाली नाही, त्यातून आजारी मैत्रिणीची पाळीही तिच्याच गळ्यात पडली. तिने विमान पाहिलं नाही, पण ऐकलं. तिथला मेकॅनिक सुटा भाग मागवायला रोज कारखान्यात फोन लावायचा. लाईन इतकी खराब, की आत्यालाच मधे बसून निरोप इकडून तिकडे ओरडून सांगावे लागत.

"ते म्हणतायत, पुढचं ठीक आहे, मागचं रुसलंय!"

"रुसलंय म्हणजे नेमकं काय, ते विचारा त्यांना!" कारखान्यातून उत्तर यायचं.

शेवटी भाग आला, आणि एका दुपारी एक्सचेंजच्या छपरावरून दुहेरी घरघर निघून गेली. आत्याला खुर्ची सोडून उठता आलं नाही.

निवृत्त झाल्यावर बायका विणकाम काढतात, आत्याने दुतोंड्या काढला. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "त्याचं पुढे काय झालं असेल गं?"

"ताई, भंगारात गेलं असेल," माझे वडील म्हणाले. "एव्हाना त्याची डब्यांची झाकणं झाली असतील."

"झाली तर झाली. कुठल्या डब्यांची, ते तरी कळू दे."

तिने विमानांच्या संग्रहालयात फोन लावला. तिथले प्रमुख सज्जन गृहस्थ. म्हणाले, "बाई, चार कुठे मोडली ते आम्हाला माहीत आहे. पाचव्याचा माग लागत नाही. मालक बदलला की नंबर बदलतो, रंग बदलतो. आम्ही तिसऱ्या मालकापर्यंत पोचलो आणि अडलो."

दुतोंड्या ते पाचवं होतं. आत्याने तिसऱ्या मालकाच्या ओळखीची माणसं धरली. म्हातारे वैमानिक, त्यांच्या बायका, भाचे, शेजारी. लोकांना बोलतं करणं हा तिच्या हातचा मळ होता. कोणी चिडून फोन ठेवला, तर ती तेवढ्याच गोडीने पुन्हा लावायची. असं करत, विमान शेवटी ज्याच्याकडे होतं त्या वैमानिकाच्या मुलीपर्यंत पोचली. पहिल्याच वाक्याला ती मुलगी म्हणाली, "तुम्हाला विमान हवंय की माझे बाबा? विमानाची चौकशी करणारे आधीही येऊन गेलेत. बाबांबद्दल कोणी विचारत नाही."

आत्या म्हणाली, "बाबांबद्दल सांग."

मी शेजारी बसले होते. चहा गार झाला, भाजी करपली, आत्या हलली नाही. त्या माणसाला उंच शिडीवर चढायची भीती वाटायची, तो फोडणी झकास द्यायचा, मुलीच्या शाळेवरून जाताना पंख हलवायचा. हे सगळं झाल्यावर मुलगी सहज बोलून गेली, की डोळे अधू झाल्यावर बाबांनी विमानाचे पंख काढले आणि धड एका नर्सरीवाल्याला देऊन टाकलं.

ती नर्सरी समुद्राजवळच्या एका गावात होती. गाडी मी चालवली. नर्सरीवाला आता हयात नव्हता, त्याची सून काम बघत होती. तिने आम्हाला कुंड्यांच्या रांगांमधून मागे नेलं. तिथे तो होता. बिनपंखांचा, रंग उडालेला, आणि आत काठोकाठ रोपं.

"एवढ्या खिडक्या आहेत ना, ऊब धरतं," सून म्हणाली. "सासऱ्यांनी त्यासाठीच घेतलं."

आत्या वाकून आत शिरली आणि रोपांच्या ट्रेंच्या मधोमध एका खोक्यावर बसली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "एवढंसंच होतं होय! आवाजावरून मला वाटलं, घराएवढं असेल."

घरी परतल्यावर तिने संग्रहालयात फोन केलाच नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं की ते नेणार. त्या बिचारीच्या रोपांचं काय?"

"अगं, पण तिथे गंजून जाईल ते!"

शेवटी तिने आधी सुनेलाच फोन लावला. "तू नको म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही."

सून म्हणाली, "आत्या, त्याचा तळ गळायला लागलाय. मला काचघर उभारून देत असतील तर खुशाल न्या. पण ही रोपं बाहेर लागल्यावर."

तसंच झालं. पंख नव्याने बनवायला संग्रहालयाला बराच काळ लागला. उद्घाटनाला आत्या नवी साडी नेसून गेली. पाटी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. पाटीवर होतं, 'यानंतर अनेक वर्षं हे विमान बेपत्ता होतं.'

"बेपत्ता?" ती प्रमुखांना म्हणाली. "रोज माणसं पाणी घालायला जात होती त्यात!"

"मला पटतंय, बाई. पण वरचे म्हणतात, विमानाचा इतिहास म्हणजे ते उडत होतं तोपर्यंतचा."

"माणसाचाही नोकरीपुरताच लिहिता का तुम्ही?"

पाटी आजही तीच आहे. पण प्रमुख स्वतः कोणाला विमान दाखवतात, तेव्हा रोपांची गोष्ट सांगतात, असं ऐकते.

सून मात्र आत्याला धरून राहिली. दर रविवारी फोन येतो. पोराचं शिक्षण, गुडघेदुखी, कुठल्या झाडाला कीड लागली, असं काहीबाही. आत्या अजूनही लाईन खराब असल्यासारखी ओरडून बोलते. विमानाचा विषय त्यांच्यात निघालेला मी कधी ऐकला नाही.