दादाचा एकट्याचा सराव

आमच्या दादाइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या कारखान्यात नाही, असं सगळे म्हणतात. ऐकलं की मला शिसारी येते.

दादा बाटल्या भरण्याच्या कारखान्यात फिटर आहे. यंत्राच्या पायाखाली पट्ट्या सारायच्या, वर पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत कुणाला बटणाला हात लावू द्यायचा नाही. हे काम त्याला येतं, आणि चांगलं येतं. मी तिथेच पॅकिंगला. टेबल फुटबॉलमध्ये, म्हणजे दांड्यांवरच्या बाहुल्या फिरवून टेबलावर खेळायच्या फुटबॉलमध्ये, आमची बहीणभावांची जोडी: पुढचे दांडे त्याचे, गोल राखणारे मागचे माझे. कारखान्याच्या स्पर्धेत आम्ही दर वर्षी पहिल्याच फेरीत आपटायचो. यंदा माझी बदली झाली होती. स्पर्धा झाली की दुसऱ्या गावी रुजू व्हायचं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, मला दादाबरोबर जिंकायचं होतं.

मोडीत निघालेलं एक टेबल त्यानं घरी आणून मागच्या खोलीत मांडलं. मी हरखले. म्हटलं, "दादा, रोज थोडा वेळ दोघं खेळू. आधी नुसता चेंडू थांबवायचा. ते जमलं की मधल्या दांड्यावरून पुढच्याला द्यायचा, मग गोल. एकानं मारायचं, एकानं अडवायचं, मग बाजू बदलायची."

"तू समोर असलीस की बडबडतेस. माझं लक्ष उडतं," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

मग सुरू झाला तो सराव. तळहातावर थुंकायचं, दांड्यांच्या मुठी पकडायच्या आणि ठाक, ठाक, ठाक. अंगात तोच एक बनियन, शुभ म्हणून न धुतलेला. घाम पुसलेलं फडकं मुठींवरच वाळत घालायचं. मुठींवर काळपट चिकट थर बसला होता. एकदा हात लावला आणि साबणानं धुऊनही वास जाईना. वहिनी ते फडकं चिमटीत धरून बाहेर न्यायची आणि माझ्याकडे बघत म्हणायची, "तुमचा भाऊ!" "तुझा नवरा!" मी म्हणायची. येणारेजाणारे मात्र दाराशी थबकून माना डोलवायचे. याला म्हणतात चिकाटी म्हणे! दादा आणखी शेफारायचा.

स्पर्धा नव्याकोऱ्या टेबलावर झाली. दादानं मधल्या दांड्यावरून पुढे चेंडू दिला, तो पुढच्या बाहुल्यांच्या पायांखालून सुसाट निघून थेट समोरच्यांच्या ताब्यात गेला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. चेंडू त्यांच्या बाजूला अडकला की हा आपला मुठी धरून शांत उभा, जणू तो चालत परत येणार आहे! मी मागे एकटी किती अडवणार? पहिल्याच फेरीत आमची घरवापसी.

हरल्यावर यानं सगळ्यांदेखत खिशातली छोटी पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा अगदी मध्यावर. तरी म्हणतो, "टेबलातच खोट आहे." नाचता येईना अंगण वाकडं! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि टेबलाच्या मधोमध चेंडू ठेवला. तो हळूच घरंगळत दादाच्या जागेकडे गेला. मी वाकून पाहिलं. पलीकडच्या गोलाच्या बाजूच्या दोन पायांखाली जाड पुठ्ठ्याच्या घड्या होत्या, तारेनं सुबक बांधलेल्या.

"हे काय?"

"ते होय!" दादा खुशीत म्हणाला. "चेंडू पलीकडे जाऊन बसायचा. दर वेळी आणायला कोण जाणार? म्हणून उतार दिला. आपोआप परत येतो."

दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं सपाटीला आणणारा हा माणूस स्वतः वाकड्या अंगणात नाच शिकला होता! चढावर चेंडू पोचावा म्हणून लावलेला जोर हातात मुरला आणि सपाट टेबलावर आम्हाला घेऊन बुडाला. पण मला खरी किळस आली ती त्या पुठ्ठ्याची. तो जिथे होता, ती सरावात गोल अडवायला माझी उभी राहायची जागा होती.

मी टेबल जरा उचलून दोन्ही घड्या ओढून काढल्या.

"अगं, काढतेस काय? आता चेंडू परत कोण देणार?"

हरल्याचं नाही, मी चालल्याचं नाही, याला चेंडूची चिंता! त्या घड्या मी त्याच्या हातात कोंबल्या.

"हा घे तुझा जोडीदार," म्हटलं, आणि सामान बांधायला गेले.